इन्फ्लुएन्झाच्या साथीत कोण गेले? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात १९१८ ते १९२० या काळातील इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथीवर एक छोटे टिपण होते. आपल्याकडची जुनी माणसे जिला ‘मानमोडी’ म्हणत, तीच ही साथ. त्या टिपणात साथीला बळी पडलेल्या काही नामवंतांचा ओझरता उल्लेख होता आणि आलेली बहुतेक पत्रे त्याच उल्लेखाविषयी आहेत. समान आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

राम गणेश गडकरी आणि बालकवी हे दोघेही याच काळात, ऐन उमेदीत गेले. त्यांचे मृत्यू इन्फ्लुएन्झाने झाले, असे एका व्याख्यानात ऐकले. ते खरे आहे का? (सांगली)

नाही. दोघांच्याही मृत्यूच्या तारखा साथीच्या आगेमागे येतात, त्यामुळे हा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. परंतु तारखा जुळल्याने मृत्यूचे कारण सिद्ध होत नाही.

बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकाशी रेल्वेखाली सापडून गेले. त्यांचे वय तेव्हा अवघे २७ होते. मुंबई बंदरात हा आजार पोहोचला तो मे महिन्याच्या अखेरीस, आणि १० जून रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, ही शहरातील पहिली ठळक नोंद मानली जाते. बालकवींच्या मृत्यूपर्यंत साथ महाराष्ट्रात आलेलीच नव्हती.

गडकऱ्यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला, त्यांच्या वयाच्या ३३व्या वर्षी झाले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा भाग त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत साथीने देशात सर्वाधिक पोळला होता, हे खरे आहे. पण गडकरी क्षयाने दीर्घकाळ आजारी होते. त्याच आजारपणात, अगदी अखेरच्या दिवसांत, त्यांनी आपले शेवटचे नाटक हातावेगळे केले. त्यांच्या मृत्यूसाठी साथीचे कारण शोधण्याची गरज नाही.

ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीले यांचे संपूर्ण कुटुंब तीन दिवसांत संपले, असे वाचले. त्यांचे गुरू गुस्टाफ क्लिम्ट हेही याच साथीत गेले का? कुटुंबाचे जे अपुरे चित्र दाखवले जाते, ते त्यांच्याच कुटुंबाचे आहे का? (पुणे, चित्रकलेची विद्यार्थिनी)

पहिली गोष्ट दुर्दैवाने अक्षरशः खरी आहे. शीले यांची पत्नी एडिथ ऑक्टोबर १९१८ मध्ये आजारी पडली तेव्हा तिला सहावा महिना होता. आजाराने लवकरच न्यूमोनियाचे रूप घेतले. २७ ऑक्टोबरला शीले यांनी आपल्या आईला पत्र लिहून तिची प्रकृती चिंताजनक असल्याचे कळवले, आणि त्याच सुमारास तिच्या उशाशी बसून तिची रेखाचित्रे काढली. २८ तारखेला एडिथ गेली. तोपर्यंत शीले यांनाही ताप भरला होता आणि ३१ ऑक्टोबरच्या पहाटे तेही गेले. त्यांचे वय २८ वर्षांचे होते.

या मृत्यूची हळहळ आणखी एका कारणाने वाटते. अश्लीलतेच्या आरोपावरून १९१२ मध्ये काही आठवडे कोठडीत राहिलेल्या या चित्रकाराला १९१८ च्या मार्चमध्ये व्हिएन्नाच्या सेसेशन या कलावंत-संघाच्या ४९व्या प्रदर्शनात मध्यवर्ती दालन मिळाले होते. चित्रे विकली जात होती, मागणी वाढत होती, आणि व्हिएन्नाच्या कलाजगताचे नेतृत्व आता त्यांच्याकडे येणार, हे जवळजवळ ठरल्यासारखे होते. हे सारे जेमतेम सात-आठ महिने टिकले.

क्लिम्ट यांच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन. त्यांना ११ जानेवारी १९१८ रोजी पक्षाघाताचा झटका आला, रुग्णालयात न्यूमोनिया झाला आणि ६ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. शीले यांनी रुग्णालयाच्या शवागारात जाऊन आपल्या गुरूच्या निष्प्राण चेहऱ्याची रेखाचित्रे काढली, ती आज उपलब्ध आहेत. परंतु साथीची पहिली ओळखली गेलेली लाट मार्च १९१८ मध्ये अमेरिकेतील लष्करी छावण्यांत उठली आणि त्यानंतर युरोपात पसरली. फेब्रुवारीच्या आरंभी व्हिएन्नात न्यूमोनियाने गेलेल्या, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या ५५ वर्षांच्या माणसाला साथीच्या यादीत बसवणे मला पटत नाही. त्याच वर्षी व्हिएन्नाने वास्तुकार ऑटो वाग्नर आणि चित्रकार-अभिकल्पकार कोलोमान मोझर यांनाही गमावले. मोझर कर्करोगाने गेले, तर वाग्नर एप्रिलमध्ये, साथ तिथे पोहोचण्याआधीच. एका शहराने एका वर्षात चार मोठे कलावंत गमावले की चौघांसाठी एकच कारण सांगण्याचा मोह होतो, पण त्यांपैकी निश्चितपणे साथीने गेले ते एकटे शीले.

अपुऱ्या चित्राविषयी: त्यातील पुरुष शीले स्वतः आहेत, हे उघड आहे. स्त्रीची चेहरेपट्टी मात्र एडिथची नाही, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे, आणि तिच्या पायांशी असलेले मूल कधी जन्मालाच आले नाही. म्हणून ते चित्र कौटुंबिक छायाचित्रासारखे पाहू नये.

फ्रेंच कवी गियोम अपोलिनेर युद्धातील जखमेने गेले की फ्लूने? दोन्ही वाचायला मिळते. (कोल्हापूर)

फ्लूने. घोटाळ्याचे कारण असे, की १७ मार्च १९१६ रोजी आघाडीवर तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या कानशिलात घुसला आणि कवटी उघडून शस्त्रक्रिया करावी लागली. ते जगले, पण पूर्वीची प्रकृती परत आली नाही. १९१८ च्या मे महिन्यात त्यांचा विवाह झाला आणि नोव्हेंबरच्या आरंभी त्यांना इन्फ्लुएन्झाने गाठले. ९ नोव्हेंबरला, म्हणजे युद्धविरामाच्या दोन दिवस आधी, पॅरिसमधील राहत्या घरी ३८व्या वर्षी त्यांचा अंत झाला. पुढे फ्रेंच सरकारने ‘फ्रान्ससाठी मृत्यू’ पत्करलेल्यांत त्यांची गणना केली, म्हणून अनेकांना ते जखमेने गेल्यासारखे वाटते. जखमेने शरीर खचलेले असल्यामुळे ताप झेपला नाही, असे म्हणणे योग्य ठरेल. नाटककार एदमों रोस्तां हेही त्याच हिवाळ्यात, २ डिसेंबर १९१८ रोजी, पॅरिसमध्ये याच आजाराने गेले.

या साथीत तरुणच जास्त गेले, असे मागील टिपणात म्हटले होते. फ्लू तर म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना मारतो. मग असे का झाले? (नाशिक)

या प्रश्नाच्या उत्तरावरच नामवंतांची यादी कशी वाचायची, हे ठरते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एरवीच्या फ्लूमध्ये मृत्यूचा आलेख दोन्ही टोकांना, म्हणजे शैशवात आणि वार्धक्यात, उंच आणि मध्ये सपाट असतो. १९१८ च्या आलेखात मध्येही एक उंच कडा आहे, आणि ती २० ते ४० या वयोगटात आहे. अमेरिका आणि कॅनडातील मृत्युनोंदींच्या अभ्यासात सर्वाधिक धोक्याचे वय २८ च्या आसपास निघाले. शीले याच वयाचे होते. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे दिले जाते, की १८८९-९० मध्येही जगभर श्वसनविकाराची मोठी साथ आली होती, आणि त्या सुमारास जन्मलेल्यांच्या शरीराने आपली पहिली प्रतिकारशक्ती एका वेगळ्या विषाणूविरुद्ध घडवली. १९१८ चा विषाणू आला तेव्हा ती प्रतिकारशक्ती निरुपयोगी, कदाचित अपायकारकही ठरली. त्याहून वयस्कर असलेल्यांना मात्र जुन्या काळातील एखाद्या मिळत्याजुळत्या विषाणूचे काहीसे संरक्षण असावे.

प्रत्यक्ष मृत्यू बहुतेकांना विषाणूने नव्हे, तर त्यामागून फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने आला. पेनिसिलिनचा शोध १९२८ मधला आणि त्याचा व्यापक वापर १९४० च्या दशकातला, त्यामुळे डॉक्टरांच्या हाती शुश्रूषेखेरीज फारसे काही नव्हते. गरोदर स्त्रियांचे प्रमाण मृतांत विशेष होते. एडिथचा उल्लेख वर आलाच आहे. जानेवारी १९२० मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांची कन्या सोफी हॅम्बुर्गमध्ये गेली, तीही गरोदर होती. तिचे वय २६ होते आणि गाड्या बंद असल्याने आईवडिलांना अंत्यविधीलाही जाता आले नाही.

आता यादीकडे या. कीर्ती मिळवायला वेळ लागतो. पंचविशीतला डॉक्टर, तिशीतली शिक्षिका, पहिले पुस्तक लिहीत असलेला तरुण ही माणसे विश्वकोशात जाण्याआधीच या साथीने नेली. म्हणून इन्फ्लुएन्झाने गेलेल्या ख्यातनाम व्यक्तींची यादी एवढ्या प्रचंड संहाराच्या मानाने आखूड दिसते. जगभरातील मृतांचा आज बहुमान्य असलेला अंदाज सुमारे ५ कोटी आहे. यादी आखूड आहे म्हणून कर्तृत्ववान माणसे थोडीच गेली, असा अर्थ काढणे हे त्या तरुण मृतांवर अन्याय करणारे आहे. शीले किंवा अपोलिनेर यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते असामान्य लवकर प्रकाशात आले होते.

राज्यकर्त्यांपैकी कोणी या आजाराने गेले का, आणि त्यामुळे इतिहास बदलला का? (मुंबई)

गेले, आणि काही ठिकाणी फरक पडलाही. दक्षिण आफ्रिकेचे पहिले पंतप्रधान लुईस बोथा यांनी २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर सही केली, ते मायदेशी परतले आणि २७ ऑगस्टला, इन्फ्लुएन्झानंतर हृदयक्रिया बंद पडून, प्रिटोरियात गेले. गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतील अखेरचा सत्याग्रह याच बोथांच्या सरकारविरुद्ध होता. त्यांच्यामागून पंतप्रधान झालेले यान स्मट्स तर आपल्या वाचकांना त्या लढ्यामुळेच परिचित आहेत.

ब्राझीलमध्ये रॉड्रिग्ज आल्व्हिस १९१८ मध्ये दुसऱ्यांदा अध्यक्षपदी निवडून आले होते, परंतु १५ नोव्हेंबरच्या शपथविधीला ते आजारपणामुळे येऊ शकले नाहीत आणि १६ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. रूढ इतिहासात या मृत्यूचे कारण इन्फ्लुएन्झा असेच दिले जाते. पहिल्या कारकिर्दीत, १९०२ ते १९०६ या काळात, याच अध्यक्षांनी ओस्वाल्डो क्रूझ या शास्त्रज्ञाच्या हाती सूत्रे देऊन रिओ शहरातील पीतज्वर आटोक्यात आणला होता. सार्वजनिक आरोग्यासाठी लोकांचा रोष पत्करलेल्या माणसाचा शेवट असा व्हावा, याचे वाईट वाटते.

पश्चिम आशियाच्या नकाशावर रेघा ओढणाऱ्या १९१६ च्या गुप्त करारातले इंग्रज मुत्सद्दी मार्क साइक्स शांतता परिषदेसाठी पॅरिसला आले असताना १६ फेब्रुवारी १९१९ रोजी हॉटेलातच गेले. त्यांचे वय ३९ होते. शिशाच्या पेटीत दफन केल्यामुळे विषाणूचे अवशेष सापडतील, या आशेने २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी कुटुंबाच्या संमतीने यॉर्कशायरमधील त्यांची कबर उघडली होती. पेटीला तडा गेलेला निघाला, तरी काही नमुने घेता आले.

पण मुंबईकर वाचकाला सर्वात जवळचे उदाहरण आधीच्या साथीतले आहे. १८८९-९० मध्ये सुरू झालेली साथ पुढची काही वर्षे लाटालाटांनी येत राहिली आणि तिच्यातच राणी व्हिक्टोरियाचा नातू, गादीचा दुसऱ्या क्रमांकाचा वारस अल्बर्ट व्हिक्टर, १४ जानेवारी १८९२ रोजी न्यूमोनिया होऊन गेला. नुकताच त्याला २८ वर्षे पूर्ण होऊन आठवडाही झाला नव्हता. वारसा धाकट्या भावाकडे आला. थोरल्याची वाग्दत्त वधू मेरी हिचा विवाहही त्याच्याशीच झाला. तोच राजा पाचवा जॉर्ज. १९११ च्या डिसेंबरात हे जोडपे अपोलो बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले. (त्या पहिल्या साथीचा विषाणू इन्फ्लुएन्झाचाच होता की करोनाकुळातला, यावर अलीकडे वाद आहे. वरील उत्तरात म्हणूनच ‘श्वसनविकाराची साथ’ असे मोघम लिहिले आहे.)

वुड्रो विल्सन यांचाही मृत्यू याच साथीने झाला ना? (अमरावती)

नाही. एप्रिल १९१९ मध्ये पॅरिसला युद्धानंतरच्या तहाच्या वाटाघाटी चालू असताना अमेरिकेचे हे तत्कालीन अध्यक्ष गंभीर आजारी पडले, पण बरे झाले. त्यांचे निधन १९२४ मधले. ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज, लेखक फ्रान्झ काफ्का आणि चित्रकार एडवर्ड मुंक हेही आजारी पडून वाचले. मुंक यांनी तर त्या आजारपणातील आपले चित्रही रंगवले आहे.

फातिमाच्या दोन बालसंतांचा मृत्यू याच साथीत झाला, असे चर्चमध्ये सांगतात. त्यांची नोंद आपल्या टिपणात नव्हती. (मडगाव)

असायला हवी होती. पोर्तुगालमधील फातिमा येथे १९१७ मध्ये मातेचे दर्शन झाल्याचे सांगणाऱ्या तीन मुलांपैकी फ्रान्सिस्कू आणि जासिंता ही मार्तू भावंडे १९१८ च्या शरदात आजारी पडली. फ्रान्सिस्कू ४ एप्रिल १९१९ रोजी, दहाव्या वर्षी, घरीच गेला. जासिंताचे हाल अधिक झाले. फुप्फुसाच्या आवरणात पू झाल्यामुळे लिस्बनच्या रुग्णालयात तिच्या बरगड्या काढाव्या लागल्या आणि २० फेब्रुवारी १९२० रोजी, नऊ वर्षांची असताना, घरचे कोणी जवळ नसताना तिने प्राण सोडला. १३ मे २०१७ रोजी दोघांना संतपद देण्यात आले. त्यांची मामेबहीण लुसिया मात्र २००५ पर्यंत जगली.

सगळी नावे परदेशी आहेत. सर्वाधिक माणसे भारतात मेली, तर भारतातील नामवंतांची नावे का नाहीत? गांधीजींनाही हा फ्लू झाला होता, हे खरे का? (लातूर; याच आशयाची पत्रे ठाणे आणि बडोदा येथूनही)

प्रथम गांधीजींविषयी. १९१८ च्या ऑगस्टमध्ये, खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत असताना, त्यांना झाला तो आमांश. आत्मकथेत त्यांनी स्वतःच त्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. हवापालटासाठी ते माथेरानलाही आले होते. पुढे मुंबईत डॉ. दलालांच्या आग्रहावरून आणि कस्तुरबांनी सुचवल्यावरून त्यांनी शेळीचे दूध घ्यायला सुरुवात केली, ती याच आजारपणात. त्यांना फ्लू झाल्याचे वारंवार छापले जाते, त्याला हा तपशील दुजोरा देत नाही. साथीने त्यांच्या कुटुंबावर घाला घातला तो मात्र खरा. थोरले चिरंजीव हरिलाल यांच्या पत्नी गुलाब आणि एक लहान मुलगा शांती या साथीत गेले. उरलेल्या नातवंडांना कस्तुरबांनी वाढवले.

हिंदीतील थोर कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांच्या बाबतीतही हेच. ते तेव्हा विशीत होते आणि बंगालमध्ये नोकरीला होते. पत्नी मनोहरादेवी आजारी असल्याची तार आल्यावर ते गंगाकाठच्या डलमऊला तिच्या माहेरी पोहोचले, तोवर ती गेली होती. मग चुलतभाऊ, वहिनी, काका असे घरचे एकेक जण गेले. प्रेतांनी भरलेली गंगा आपण पाहिल्याचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. नावाजलेले निराला जगले. गेली ती माणसे, ज्यांची नावे आपल्याला त्यांच्या नात्यामुळेच कळतात. भारतातील साथीचे चित्र बव्हंशी असेच आहे.

भारतातील मृतांचे अंदाज सव्वा कोटीपासून सुमारे १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस फसला होता, युद्धामुळे धान्य महागले होते आणि डॉक्टरांपैकी बरेच लष्करात होते. आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिल्यास १९११ ची सुमारे २५ कोटी २० लाखांची लोकसंख्या १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाखांवर आली. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले हे एकमेव दशक आहे. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. आजाऱ्याची सेवा करणारी तीच, शेवटी उरलेले खाणारी तीच, आणि स्वतः आजारी पडल्यावर तिला पाणी द्यायला घरात कोणी उठलेले नसे, अशी त्यामागची कारणे दिसतात. ज्या समाजात बाईचे नाव दप्तरात क्वचितच येत असे, तिथे तिचा मृत्यू नामवंतांच्या यादीत येणार कुठून? मुंबईच्या चाळींत आणि दुष्काळी तालुक्यांत अन्नाविना खंगलेल्यांना साथीने आधी उचलले. बंगल्यांत राहणारे, ज्यांची चरित्रे लिहिली गेली असती असे लोक, तुलनेने वाचले. आपली यादी रिकामी दिसते ती यामुळे, आणि तिची भरपाई म्हणून त्या काळात गेलेल्या प्रत्येक थोर माणसाला साथीच्या खात्यावर टाकणे योग्य नाही.

आमची पणजी याच साथीत गेली, असे घरात सांगतात. त्याची नोंद कुठे मिळेल? (यवतमाळ)

गावाचे नाव पक्के असेल तर आधी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जावे. विदर्भात ‘कोतवाल बुक’ आणि इतरत्र ‘गाव नमुना १४’ या नावाने ओळखली जाणारी जन्ममृत्यूची नोंदवही तिथे असते. जातीच्या दाखल्यांसाठी लोक हीच दप्तरे काढत असल्याने कर्मचाऱ्यांना ती परिचित असतात. नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार बरोबर असावा. सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ ही पाने प्रथम पाहावीत. मृताचे नाव न देता ‘अमक्याची बायको’ किंवा ‘अमक्याची आई’ एवढेच लिहिलेले असू शकते, म्हणून शोध पणजोबांच्या नावानेही घ्यावा. कारणाच्या रकान्यात इन्फ्लुएन्झा शोधू नये. तिथे बहुधा ‘ताप’ असे लिहिलेले सापडेल. याखेरीज कुळवृत्तांत छापलेला असल्यास तो, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांकडील नामावळीच्या वह्या, आणि ख्रिस्ती कुटुंब असल्यास चर्चमधील दफनाची नोंदवही पाहावी.